२^१२७ − १ : एकदाही भाग न देता मूळ ठरलेली संख्या

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबर २०२४ मध्ये २^१३६२७९८४१ − १ ही संख्या मूळ असल्याचं जाहीर झालं आणि ४,१०,२४,३२० अंकांच्या त्या आकड्यावर सगळीकडे भरभरून लिहिलं गेलं. विक्रम मोठाच आहे. पण मला त्याच घराण्यातली एक खूप लहान, ३९ अंकी संख्या जास्त मोलाची वाटते. ती कागदावर एका ओळीत मावते :

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७

म्हणजे २ चा १२७ वा घात, वजा १. पुढे तिला 'न' म्हणतो.

एदुआर लुकास या फ्रेंच गणितज्ञानं १८७६ मध्ये ती मूळ असल्याचं दाखवलं. त्यानंतर १९५१ पर्यंत, म्हणजे ७५ वर्षं, तिच्याहून मोठी एकही मूळ संख्या कुणाला माहीत नव्हती. निव्वळ हातानं, यंत्राशिवाय सिद्ध झालेली सर्वांत मोठी मूळ संख्या म्हणून तिचा मान आजही टिकून आहे.

थोडी मागची गोष्ट सांगतो. मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूनं १६४४ मध्ये एक यादी छापली. २५७ पर्यंतच्या कुठल्या घातांकांना २^घ − १ ही संख्या मूळ येते याची. यादी अशी : २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७, २५७. त्यातले ६७ आणि २५७ चुकले, आणि ६१, ८९, १०७ राहून गेले. पण १२७ बरोबर निघाला. मर्सेनकडे तो ताडून पाहायला कुठलंही साधन नव्हतं, आणि पुढची सव्वादोनशेहून जास्त वर्षं ते इतर कुणाकडेही नव्हतं.

का नव्हतं, ते बघा. शाळेत आपण शिकलो की संख्या मूळ आहे का ते पाहायला वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग देऊन बघायचा. 'न'चं वर्गमूळ साधारण १.३ × १०^१९ येतं. गणितज्ञ ऑयलरला ३१ च्या बाबतीत हे जमलं, कारण २^३१ − १ म्हणजे २१४७४८३६४७, आणि तिचं वर्गमूळ फक्त ४६,३४० च्या घरात. त्यानं भाजकांचे प्रकारही आधीच कमी करून घेतले होते. १७७२ मध्ये त्यानं ती मूळ असल्याचं कळवलं. १२७ ला हा रस्ता बंद. तिथंही भाजक कमी करता येतात : 'न'चा कुठलाही मूळ भाजक २५४क + १ याच रूपाचा असावा लागतो, आणि त्याला ८ नं भागल्यावर बाकी १ किंवा ७ च यावी लागते. या चाळणीतून गाळून पहिला खरा उमेदवार मिळतो तो थेट २२८७. एवढी गाळणी लावूनही, सेकंदाला एक अब्ज भागाकार करणारं यंत्र घेतलं तरी सगळे उमेदवार संपवायला दहा-एक महिने जातील. १८७६ मधल्या माणसाच्या हातात तर दौत आणि टाक.

मग लुकासनं केलं काय? त्यानं 'न'ला भाग द्यायचा विचारच सोडून दिला. त्यानं 'न'च्या शेजाऱ्याकडे पाहिलं. न + १ = २^१२७. या संख्येचे अवयव आपल्याला पूर्ण माहीत आहेत, कारण तिच्यात २ शिवाय काहीच नाही. 'न' मूळ आहे की नाही याचं उत्तर तिच्या या शेजाऱ्यात दडलेलं आहे, आणि मला आज इथं मांडायचं आहे ते एवढंच.

कसोटी आज ज्या रूपात वापरतात ते गणितज्ञ लेहमरनं १९३० मध्ये पक्कं केलं :

४ पासून सुरुवात करा. प्रत्येक वेळी वर्ग करा, २ वजा करा, २^घ − १ नं भागून बाकी ठेवा. हे घ − २ वेळा करा. शेवटी ० उरलं तर २^घ − १ मूळ. नाही उरलं तर संयुक्त.

लहान उदाहरण हातानं करून पाहू. घ = ७, म्हणजे २^७ − १ = १२७. पाच पायऱ्या.

४
४ × ४ − २ = १४
१४ × १४ − २ = १९४, बाकी ६७
६७ × ६७ − २ = ४४८७, बाकी ४२
४२ × ४२ − २ = १७६२, बाकी १११
१११ × १११ − २ = १२३१९, बाकी ०

१२३१९ म्हणजे बरोबर १२७ × ९७. शून्य आलं, १२७ मूळ.

आता ११ घ्या. २^११ − १ = २०४७. इथं बाक्या अशा येतात : ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शेवटी शून्य नाही, म्हणून २०४७ संयुक्त. खरंच आहे, २०४७ = २३ × ८९. पण कसोटीनं २३ आणि ८९ यांचा पत्ता दिला नाही. संख्या फुटते एवढंच सांगितलं, कशी फुटते ते नाही. मला या विषयातली सगळ्यात विलक्षण गोष्ट हीच वाटते.

१२७ च्या घाताला अशा १२५ पायऱ्या लागतात. प्रत्येक पायरीला ३९ अंकी संख्येचा वर्ग. कष्टाचं काम, पण एका माणसाच्या आवाक्यातलं.

---

निशिगंध

वाचनखूण साठवली. १२७ चं उदाहरण वहीत करून पाहिलं, बाकी काढायला मात्र वेळ लागला. ३९ अंकी संख्येनं १२५ वेळा भागायचं म्हणजे ते भागाकारच झाले ना? मग 'एकदाही भाग न देता' कसं?

---

पाटीपेन्सिल

चांगला प्रश्न, निशिगंध. २^घ − १ नं बाकी काढायला भागाकार लागतच नाही. १२८ ला १२७ नं भागलं की बाकी १ उरते. म्हणून कुठल्याही संख्येत १२८ किती वेळा बसतात ते पाहायचं आणि तो आकडा उरलेल्या भागात मिळवायचा.

४४८७ = ३५ × १२८ + ७, म्हणून बाकी ३५ + ७ = ४२.
१७६२ = १३ × १२८ + ९८, म्हणून बाकी १११.
१२३१९ = ९६ × १२८ + ३१, म्हणजे ९६ + ३१ = १२७, म्हणजेच ०.

द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ हे अंक वापरून) लिहिलं तर हे आणखी सोपं. संख्येचे शेवटचे सात अंक एकीकडे, वरचे दुसरीकडे, आणि दोघांची बेरीज. लुकासनं १२७ साठी हेच काम बुद्धिबळासारख्या १२७ × १२७ घरांच्या पटावर मांडायची रीत सुचवली होती. घरात प्यादं असलं तर १, रिकामं असलं तर ०. वर्ग करणं म्हणजे तीच ओळ एकेक घर सरकवून खाली मांडत जाणं. उजवीकडून डावीकडे सरकताना जे प्यादं पटाबाहेर जाईल ते दुसऱ्या टोकाला आत येतं, आणि बाकी काढण्याचं काम तिथंच उरकतं. मग उभ्या रकान्यांची बेरीज. गणित आणि खेळ यांची इतकी जवळीक असणारा हा माणूस. हनोईच्या मनोऱ्याचं कोडंही त्याचंच, १८८३ मधलं. सात चकत्यांचा मनोरा हलवायला कमीत कमी किती चाली लागतात? १२७.

---

घाटमाथा

सुरेख धागा. फक्त एक दुरुस्ती सुचवतो. लुकासनं १८७६ मध्ये ४ पासून सुरुवात केली नव्हती. त्यानं फिबोनाची संख्या (१, १, २, ३, ५, ८, १३... प्रत्येक संख्या आधीच्या दोघींची बेरीज) वापरल्या होत्या. त्यामुळे त्याची साखळी ३, ७, ४७, २२०७ अशी जाते. रीत तीच, वर्ग वजा २. घातांकाला ४ नं भागून बाकी ३ येत असेल तर ही ३ ची सुरुवात चालते, आणि १२७ ला तशी येते. ७ लाही येते. बघा :

३, ७, ४७, मग २२०७ ची बाकी ४८, मग २३०२ ची बाकी १६, मग २५४ ची बाकी ०.

४ च्या साखळीपेक्षा हे आकडे किती लहान राहतात पाहा.

याचा अर्थ फिबोनाचीच्या भाषेत असा होतो : २^१२७ व्या क्रमांकाच्या फिबोनाची संख्येला 'न'नं नि:शेष भाग जातो, आणि २^१२६ व्या क्रमांकाच्या संख्येला जात नाही. सगळ्यात लहान नमुना हवा असेल तर २^३ − १ = ७ घ्या. आठवी फिबोनाची संख्या २१, तिला ७ नं भाग जातो. चौथी ३, तिला जात नाही.

या संख्या आपल्याकडे विरहांक आणि हेमचंद्र यांनी छंदांच्या मात्रा मोजताना दिल्या आहेत, हेही नोंदवून ठेवतो. लघू-गुरू वापरून सात मात्रांचा चरण किती प्रकारे होतो? २१ प्रकारे.

---

शेवटचा बाक

वाचतोय. पण मूळ शंका बाकी आहे. शून्य आलं की मूळ, हे मानायचं का? कुणी समजेल असं सांगू शकेल? दहावीपर्यंतचं गणित येतं असं धरून सांगा.

---

बीजगणिती

शेवटचा बाक, तुमची शंका योग्य आहे. 'करून पाहिलं, जमलं' ही काही सिद्धता नव्हे. मी प्रयत्न करते, थोडं लांबेल.

४, १४, १९४ यांची निम्मी घ्या : २, ७, ९७. आता हे पाहा.

२ × २ − ३ × (१ × १) = १
७ × ७ − ३ × (४ × ४) = ४९ − ४८ = १
९७ × ९७ − ३ × (५६ × ५६) = ९४०९ − ९४०८ = १

म्हणजे (२, १), (७, ४), (९७, ५६) या जोड्या 'पहिल्याचा वर्ग, वजा ३ गुणिले दुसऱ्याचा वर्ग, बरोबर १' या समीकरणाची उत्तरं आहेत. ब्रह्मगुप्तानं 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त (इ. स. ६२८) याच वर्गप्रकृतीसाठी (अशा समीकरणाचं जुनं नाव) भावना नावाची रीत दिली : दोन उत्तरं एकत्र करून तिसरं उत्तर तयार करायचं. एकाच उत्तराची त्याच्याशीच भावना केली की ती तुल्यभावना. (२, १) ची तुल्यभावना (७, ४). (७, ४) ची तुल्यभावना (९७, ५६). 'वर्ग करा, २ वजा करा' ही पायरी म्हणजे तुल्यभावनाच, फक्त पहिला आकडा दुप्पट करून लिहिलेला.

आता कसोटीकडे. समजा १२७ मूळ नाही. मग तिचा एक मूळ भाजक वर्गमूळाच्या आत असणार, म्हणजे ११ किंवा त्याहून लहान. त्याला 'भ' म्हणू. सगळ्या जोड्यांमधल्या आकड्यांच्या जागी 'भ'नं भागून आलेली बाकी लिहू. आता (२, १) ची तिच्याशीच पुन्हा पुन्हा भावना करत गेलं, दुप्पट न करता एकेक पाऊल, तर कधीतरी आपण (१, ०) वर परत येणार आणि मग तेच चक्र फिरत राहणार. या चक्राची लांबी किती?

साखळीत पाचव्या पायरीला ० आलं. त्याची तुल्यभावना केली की पहिला आकडा −१ येतो. पुन्हा केली की १. म्हणजे १२८ पावलांनी आपण (१, ०) वर पोचलो, पण ६४ पावलांवर −१ होतं, तेव्हा पोचलो नव्हतो. चक्राची लांबी १२८ ला भागणारी असली पाहिजे आणि ६४ ला भागणारी असता कामा नये. १२८ मध्ये २ शिवाय दुसरा अवयवच नाही. म्हणून लांबी बरोबर १२८, दुसरी शक्यताच नाही. धागाकर्त्यांनी जो शेजारी म्हटला तो कामाला येतो तो नेमका इथं.

पण भ जास्तीत जास्त ११ असेल तर बाक्यांच्या वेगवेगळ्या जोड्या होणार किती? ११ × ११ = १२१, त्यातून (०, ०) वगळा, उरल्या १२०. पंगतीत १२० पानं आणि जेवणारे १२८, बसणार कसे? म्हणून असा भाजक असूच शकत नाही. १२७ मूळ.

१२७ च्या जागी २^१२७ − १ लिहा, एक शब्दही बदलावा लागत नाही. चक्राची लांबी २^१२७, आणि वर्गमूळाच्या आतल्या कुठल्याही भाजकासाठी जागा त्याहून कमी.

उलट बाजू, म्हणजे संख्या मूळ असेल तर शून्य येतंच, ही जरा जास्त यंत्रसामग्री मागते. त्यासाठी वर्गशेषांचा नियम लागतो. ती इथं सोडते.

---

सातपुडा

म्हणजे ही कसोटी आपलीच म्हणायची की! ब्रह्मगुप्तानं १२०० वर्षं आधी सांगून ठेवलेलं तिकडे लुकासच्या नावावर खपतंय.

---

बीजगणिती

नाही सातपुडा, असं म्हणणं ब्रह्मगुप्तावर आणि लुकासवर, दोघांवरही अन्याय आहे. भावना ब्रह्मगुप्ताची, ती जगात सर्वांत आधी त्याच्याकडेच सापडते आणि तिचं मोल कुणी नाकारत नाही. पुढे भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'त, अशी समीकरणं सोडवायच्या चक्रवाल पद्धतीसोबत, ती येते. चाळीसगावजवळ पाटणला भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे, तो भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. तेव्हा ही परंपरा आपल्या दाराशी आहे, हे खरंच.

पण 'बाक्यांच्या जगात भावनेचं चक्र किती लांब' हा प्रश्न ब्रह्मगुप्तानं विचारला नव्हता. त्याला अपूर्णांकाशिवायची उत्तरं हवी होती. त्या चक्राच्या लांबीवरून संख्या मूळ ठरवणं हा लुकासचा विचार. एकाच नदीवर दोन घाट बांधले गेले, दोन्ही ज्यानं त्यानं बांधले.

---

टेक_मावळा

मी प्रोग्रामर आहे, त्यामुळे या संख्येशी रोज गाठ पडते. १२८ बिटांच्या चिन्हासहित पूर्णांकात मावणारी सगळ्यात मोठी संख्या म्हणजे हीच, २^१२७ − १. ३२ बिटांसाठी ऑयलरची २१४७४८३६४७. संगणकाच्या मर्यादा दर वेळी मूळ संख्येवर पडत नाहीत. ६४ बिटांची २^६३ − १ मूळ नाही, कारण ६३ च मूळ नाही : ७ नं भाग जातो. ३२ आणि १२८ बिटांना तो योग जुळला आहे.

पायथॉनमध्ये ही लुकास-लेहमर कसोटी चार ओळींत लिहून होते. १२७ साठी फोनवर चालवली तरी उत्तर तत्क्षणी येतं.

जाता जाता एक गैरसमज. 'मोठ्या मूळ संख्या बँकेच्या सुरक्षेसाठी लागतात, म्हणून हे विक्रम' असं बातम्यांत नेहमी येतं. आरएसएसारख्या गूढलेखनाच्या पद्धतीत मूळ संख्या गुप्त ठेवायच्या असतात. विक्रमी मर्सेन संख्या (२^घ − १ या रूपाच्या) तर सगळ्या जगाला ठाऊक, शिवाय त्या वापरायला अवाढव्य. त्यांचा तिथं उपयोग शून्य. 'न'सारख्या मध्यम आकाराच्या संख्येचा मात्र दुसरीकडे खरा उपयोग आहे. लंबवर्तुळी वक्रांवरच्या गूढलेखनात आकडेमोड एका ठरावीक, जाहीर मूळ संख्येच्या बाक्यांमध्ये चालते. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी मांडलेला फोरक्यू हा वक्र २^१२७ − १ वरच उभा आहे. का? पाटीपेन्सिल यांनी सांगितलं तेच कारण. बाकी काढायला भागाकार लागत नाही, वरचा तुकडा खालच्यात मिळवला की झालं. १८७६ मध्ये लुकासचे कष्ट ज्या गुणानं वाचले, त्याच गुणानं आज प्रोसेसरचा वेळ वाचतो.

---

रेवाकाठ

६७ बद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मर्सेनच्या यादीतला ६७ चुकीचा आहे हे लुकासनं त्याच वर्षी, १८७६ मध्ये, दाखवलं. पण वर म्हटल्याप्रमाणे कसोटी भाजक देत नाही. त्यामुळे २^६७ − १ संयुक्त आहे हे माहीत, पण तिचे भाजक माहीत नाहीत, अशी अवस्था २७ वर्षं होती. ऑक्टोबर १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोल यांनी न्यू यॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत ते मांडले :

१९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ = १४७५७३९५२५८९६७६४१२९२७

असं सांगतात की ते एक शब्दही बोलले नाहीत. फळ्याच्या एका बाजूला २^६७ − १ ची किंमत काढली, दुसऱ्या बाजूला हा गुणाकार पूर्ण केला, आणि जागेवर जाऊन बसले.

माझ्या मते ६७ आणि १२७ हे दोन घातांक एकत्रच शिकवायला हवेत. एकाच वर्षी, एकाच माणसानं, एकाच रीतीनं एकाबद्दल 'नाही' आणि दुसऱ्याबद्दल 'हो' सांगितलं. 'हो'ची शहानिशा करायला फोकेंबर्ग या फ्रेंच माणसानं १९१४ मध्ये १२७ ची आकडेमोड पुन्हा केली.

---

निशिगंध

७५ वर्षांनी विक्रम कुणी मोडला?

---

रेवाकाठ

१९५१ मध्ये दोघांनी. फेरिये यांनी टेबलावरच्या यांत्रिक गणकानं (२^१४८ + १) ÷ १७ ही ४४ अंकी संख्या सिद्ध केली. त्याच वर्षी केंब्रिजमध्ये मिलर आणि व्हीलर यांनी एडसॅक या संगणकावर ७९ अंकी संख्या मिळवली. ती कुठली ते पाहा : १८० × न × न + १. इथला 'न' म्हणजे आपलाच, २^१२७ − १.

त्यांनी 'न' घेतला कारण या नव्या संख्येचा शेजारी, एकानं लहान, १८० × न × न आहे. 'न' मूळ असल्यानं त्याचे सगळे अवयव हातात. लुकासनं वरचा शेजारी वापरला, यांनी खालचा. म्हणजे विक्रम मोडला गेला तो जुन्या विक्रमाच्याच खांद्यावर उभं राहून. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९५२ मध्ये, रॉबिन्सन यांच्या प्रोग्रामनं लॉस एंजलिसमधल्या स्वॅक संगणकावर एकाच रात्रीत ५२१ आणि ६०७ हे दोन घातांक काढले, आणि मग लुकासची कसोटी पुन्हा गादीवर बसली. तेव्हापासून बहुतेक सगळा काळ विक्रम मर्सेन संख्यांकडेच राहिला आहे.

---

शेवटचा बाक

बीजगणिती ताई, मनापासून आभार. १२० आणि १२८ वाचलं आणि चक्क कळलं. मग आता विचारूनच टाकतो. ज्या संख्येचा कुठलाच शेजारी सोपा नाही, तिचं काय?

---

बीजगणिती

तिथं दुसऱ्या वाटा लागतात. तत्त्वाच्या पातळीवरचं उत्तर २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिलं. त्यांची कसोटी शेजाऱ्यावर अवलंबून नाही. कुठलीही संख्या द्या, अंकांची संख्या वाढत गेली तरी वेळ आटोक्यात राहतो आणि उत्तर पक्कं मिळतं, कुठल्याही न सिद्ध झालेल्या गृहीतकाशिवाय. कयाल आणि सक्सेना तेव्हा नुकतेच पदवी घेऊन बाहेर पडलेले विद्यार्थी होते. प्रत्यक्ष कामात मात्र लंबवर्तुळी वक्रांच्या पद्धती जास्त वेगानं चालतात. आणि मर्सेन संख्यांसाठी आजही लुकास-लेहमरच : २०२४ च्या त्या विक्रमी संख्येवर शिक्कामोर्तब झालं ते याच कसोटीनं.

---

घाटमाथा

१२७ चा आणखी एक गुण राहिला. ही साखळी पाहा :

२
२^२ − १ = ३
२^३ − १ = ७
२^७ − १ = १२७
२^१२७ − १ = न

प्रत्येक संख्या आधीचीला घातांक करून आलेली, आणि पाचही मूळ. कातालाननं १८७६ मध्येच, लुकासचा निकाल आल्यावर, याकडे लक्ष वेधलं. पुढची कडी २^न − १. ती मूळ आहे का?

कसोटी तयार आहे, पण ती चालवता येणार नाही. त्या संख्येत सुमारे ५.१ × १०^३७ अंक आहेत. ते लिहून ठेवायला लागणारी जागा पृथ्वीवर कुठल्याही यंत्रात नाही. आणि 'आतापर्यंत पाच मूळ, म्हणून सहावीही' या तर्काला आधार नाही. २^१३ − १ = ८१९१ मूळ आहे, पण २^८१९१ − १ संयुक्त असल्याचं १९५३ मध्ये निघालं.

---

शेवटचा बाक

मग तिथं हात टेकायचे?

---

पाटीपेन्सिल

हात टेकायचे नाहीत. मूळ असल्याचं सिद्ध करता येणार नाही, पण संयुक्त असेल तर ते पकडता येईल. लिहून ठेवता न येणाऱ्या संख्येला अमुक एक भाजक भाग घालतो का, हे मात्र आपल्याला तपासता येतं. २ चा 'न' वा घात काढायचा आणि दर पायरीला त्या भाजकानं बाकी घेत जायची. 'न' द्विमानात म्हणजे ओळीनं १२७ एक, त्यामुळे साधारण १२७ वेळा वर्ग केला की काम झालं. शेवटी बाकी १ आली तर भाजक सापडला. साध्या संगणकाला हे काहीच नाही.

उमेदवार पुन्हा ठरावीक रूपाचे : २ × क × न + १, आणि ८ च्या नियमामुळे क ला ४ नं भागून बाकी ० किंवा १. म्हणजे क = १, ४, ५, ८, ९, आणि असेच पुढे. सुरुवातीचे हातानं चाळता येतात. 'न'ला ३ नं भागलं की बाकी १ येते, म्हणून क = १ ला २न + १ आणि क = ४ ला ८न + १, दोन्हींना ३ नं भाग जातो, बाद. क = ५ ला १०न + १. 'न'ला २९ नं भागून बाकी २६ येते, आणि २६० + १ = २६१ = २९ × ९, बाद. क = ९ ला १८न + १. 'न'ला १९ नं भागून बाकी १, म्हणून १८ + १ = १९, बाद.

क = ८ ला १६न + १ येतो. त्याला ४७ पर्यंतच्या एकाही मूळ संख्येनं भाग जात नाही. तिथं १२७ वर्गांची फेरी चालवावी लागते, आणि बाकी १ येत नाही. शोध त्याच्या कितीतरी पुढे गेला आहे, भाजक अजून एकही सापडलेला नाही. टेक_मावळा, तुमच्या चार ओळींत थोडा बदल केलात तर क = १२ पासून पुढची यादी इथंच लावता येईल.

---

टेक_मावळा

करतो. आधी ३, ५, ७ पासून लहान मूळ संख्यांची चाळणी, मग वर्गांची फेरी. क = १२ ला २४न + १, त्याला ५ नं भाग जातो का बघितलं, नाही जात, कारण 'न'ला ५ नं भागून बाकी २, म्हणजे ४८ + १ = ४९, बाकी ४. पण ७ नं? 'न'ला ७ नं भागून बाकी १, म्हणजे २४ + १ = २५, बाकी ४. राहिला तो यादीत. क = १३ ला ३ नंच भाग जातो, बाद. पुढचे रात्री टाकतो.